पुराची रबरी बोट पाण्यावर चढत नाही?



नदीकाठच्या गावाला बैलजोडी, मोटार, पंप यांच्याइतकीच आता रबरी बोटीची ओळख झाली आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही सालांच्या महापुरांनी कृष्णा-पंचगंगेकाठी ही ओळख करून दिली. पुष्कळ गावांत अशी बोट शाळेच्या खोलीत किंवा ग्रामपंचायतीच्या गोदामात घडी घालून ठेवलेली असते. पावसाळा तोंडावर आला की ती बाहेर काढायची, हवा भरायची, इंजिन लावायचे आणि तळ्यात एक फेरी मारून परत ठेवायची, एवढीच तिची चौकशी होते.

मी शेतीखात्याचा माणूस. पण पुराच्या दिवसांत विस्तार अधिकाऱ्याला बियाण्याची पिशवी बाजूला ठेवून बोटीतही बसावे लागते. अशाच एका रंगीत तालमीला मी हजर होतो. बोट चांगली, इंजिन पंधरा अश्वशक्तीचे आणि वर आम्ही पाच जण. चालवणाऱ्या पोराने इंजिनाचा कान पिळला. आवाज एवढा झाला की काठावरची म्हसरे उधळली. पण बोट काही पळेना. तिचे नाक आभाळाकडे, बूड पाण्यात आणि मागे पाण्याचा मोठा खड्डा. पुढचे काहीच दिसत नव्हते. आधी सगळ्यांनी इंजिनाला दोष दिला, मग पेट्रोलला.

काठावर एक म्हातारे भोई उभे होते. ते ओरडले, "अरे, गाडी उलाळ झालीय! माणसं पुढं घ्या की!"

त्या एका वाक्यात सगळे शास्त्र आले. तेच आज सविस्तर सांगतो.

बोट 'चढते' म्हणजे काय?

बोट सावकाश चालते तेव्हा ती पाणी बाजूला सारत, नांगरासारखी जाते. वेग वाढला की तिच्यापुढे पाण्याची एक लाट उभी राहते. ही लाट म्हणजे तिच्या वाटेतला बांधच. तो ओलांडून गेली की बोट पाणी सारत नाही, पाण्यावरून घसरत जाते. लहानपणी आपण चपटा दगड फेकून तळ्यावर भाकऱ्या काढत होतो. वेग आहे तोवर दगड बुडत नाही, पाणीच त्याला वर झेलते. बोटीचेही तसेच. एकदा वर चढली की ओढ कमी होते, इंजिनाचा कान थोडा सैल केला तरी ती पळत राहते, पेट्रोल वाचते आणि पुढचे दिसते.

खरी अडचण तो बांध ओलांडण्याची. तेथे नेहमी मोठ्या इंजिनाचीच गरज असते असे नाही. पुढील गोष्टी क्रमाने तपासा. पहिल्या दोन्हींना पैसा लागत नाही.

१. भार पुढे घ्या

उसाच्या गाडीत मागे भार जास्त झाला तर जू वर उचलते आणि बैलांच्या गळ्याला फास लागतो. बोटीत इंजिन मुळातच मागे टांगलेले; चालवणारा मागे, पेट्रोलची टाकीही मागे. मग नाक वर जाणार नाही तर काय होईल?

टाकी पुढे सरकवा. १२ लिटरच्या भरलेल्या टाकीचे ओझे नऊ-दहा किलो होते. नळी पुरेशी लांब घ्या आणि ती कोठे मुडपणार नाही असे पाहा. बोटीत दुसरा माणूस असेल तर तो पुढे बसू द्या, मात्र तळावर बसू द्या. पुढच्या फुग्यावर बसलेला माणूस धक्क्याने पुढे पडला तर बोट त्याच्या अंगावरून जाते आणि मागून पंखा येतो. चालवणारा एकटाच असेल तर सुकाणूच्या दांड्याला बसणारी लांब मूठ मिळते. तिच्या आधाराने त्याला दोन हात पुढे सरकता येते.

तळातले पाणी उपसा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ओझे, आणि नाक वर गेले की ते सगळे मागेच धावते.

२. हवा पुरी भरा, पण पंक्चरवाल्याकडे नेऊ नका

मऊ बोट मध्ये वाकते. वाकलेल्या तळाने पाण्यावर घसरता येत नाही. ओल्या पोत्याने पाटा मारण्यासारखे ते होते.

मोटारसायकलच्या चाकात आपण २५ ते ३० पौंड हवा भरतो. रबरी बोटीच्या फुग्यात साधारण ३ ते ३.५ पौंडच लागते. म्हणून चाकाचा कॉम्प्रेसर तिला लावू नका, शिवण उसवेल. बोटीबरोबर आलेला पायपंप आणि दाब पाहण्याचे घड्याळ वापरा. नेमका आकडा बोटीवरच्या पट्टीवर छापलेला असतो, तोच खरा. हवेचा तळ असेल तर त्याचा आकडा वेगळा आणि पुष्कळदा जास्त असतो. तळाखाली हवेचा कणा असेल तर तोही भरायला विसरू नका. तो ढिला राहिला तर बाकीचे सगळे वाया.

आणखी एक गोष्ट. उन्हात ४५ अंशांपर्यंत तापलेली हवा २७ अंशांच्या पाण्यात निवली की फुग्यातला दाब पाव हिश्शापर्यंत उतरू शकतो. म्हणून बोट पाण्यात सोडल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. उलट, भरलेली बोट काठावर उन्हात ठेवायची असेल तर थोडी हवा सोडा.

३. इंजिनाची उंची आणि कल

इंजिनाच्या पंख्यावर एक आडवी पट्टी असते. बोट सपाट ठेवून पाहा: ही पट्टी बोटीच्या बुडाच्या रेषेत किंवा इंचभर खाली हवी. फार खाली असेल तर पाण्यात नुसती ओढ वाढते आणि तुषार उडतात. फार वर असेल तर पंखा हवा ओढतो. इंजिन किंचाळते, बोट मात्र जागची हलत नाही.

इंजिन ज्या कैचीवर बसते तिला चार-पाच भोके आणि एक खीळ असते. खीळ बोटीच्या जवळच्या भोकात घातली की इंजिनाचा पाय आत येतो आणि नाक खाली बसते. लांबच्या भोकात घातली की नाक वर जाते. एकेक भोक बदलून पाहा. अगदी आत घेतले तर नाक पाण्यात खुपसते आणि वळवणे जड जाते, तेव्हा मधला मार्ग धरा. खीळ बदलताना इंजिन बंद ठेवा, हे सांगायला नकोच.

४. पंखा

पंख्यावर दोन आकडे असतात. दुसरा आकडा म्हणजे एका फेऱ्यात तो तत्त्वतः किती इंच पुढे जाईल ते. मोठा आकडा म्हणजे ट्रॅक्टरचा वरचा गिअर, लहान आकडा म्हणजे खालचा. चढावर भरलेली ट्रॉली आपण वरच्या गिअरमध्ये ओढत नाही. ओझे घेऊन बोट चढत नसेल आणि इंजिन पुरे फेरे घेत नसेल, तर इंच-दोन इंच कमी आकड्याचा पंखा लावून पाहा. पट्टीला जोडायचे प्लॅस्टिकचे पंखही बाजारात मिळतात. त्यांनी बूड उचलायला मदत होते. पण वरची कामे केल्याशिवाय त्यांच्यामागे लागू नका.

५. ओझ्याचा हिशेब

बोट, इंजिन, पेट्रोल आणि माणसे धरून ढोबळ मानाने एका अश्वशक्तीला २० ते २५ किलोपर्यंत ओझे असेल तर लहान बोट चढते. आमच्या तालमीचा हिशेब पाहा: बोट ७० किलो, इंजिन ५०, भरलेली टाकी १० आणि पाच माणसे ३५०; एकूण ४८० किलो. पंधराने भागले की ३२ येतात. भोईबाबांच्या सांगण्यावरून तिघे उतरले, एक पुढे तळावर बसला, टाकी पुढे गेली. ओझे २७० किलो झाले, म्हणजे अश्वशक्तीला १८. त्याच इंजिनावर बोट क्षणात वर आली.

आता सर्वांत महत्त्वाचे

तुम्ही म्हणाल, पुरात पाच माणसे आणायची तर बोट चढणार कशी? तिने चढूच नये. हाच या लेखाचा मथितार्थ समजा.

वेग आहे तो रिकाम्या बोटीने, मोकळ्या पाण्यातून, अडकलेल्यांपर्यंत लवकर पोहोचण्यासाठी. माणसे घेतली की सावकाशच परतायचे. पुराच्या पाण्याखाली द्राक्षबागेच्या तारा असतात, कुंपण असते, विजेचे खांब असतात. गल्लीत वेगाने गेलात तर बोटीच्या लाटेने भिजलेली मातीची भिंत बसते, आणि तिच्या माळ्यावर कोणी बसलेले असू शकते.

८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून निघालेल्या गावकऱ्यांची दाटीवाटीने भरलेली बोट उलटली आणि बायामुलांसह अनेकांचे जीव गेले. ती आठवण नदीकाठचा माणूस विसरणार नाही. बोटीवर जितक्या माणसांचा आकडा लिहिला आहे त्याहून एकही जास्त घेऊ नका. रडणारे नातेवाईक काठावर असले तरी घेऊ नका. दुसरी फेरी मारा. पहिली फेरी लवकर पोहोचली तर दुसरीला वेळ मिळतो, आणि त्यासाठीच रिकामी बोट चढायला हवी.

अंगात जाकीट, आणि इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला, हे दोन्ही नेहमी. तो पाण्यात पडला तर दोरी ओढली जाऊन इंजिन थांबते.

मृगाआधी एक सकाळ काढा. गावातली चार तरणी पोरे, एखादे जुने भोई किंवा कोळी आणि बोट घेऊन तळ्यावर जा. हवा, टाकी, खीळ, पंखा तपासा आणि कोणत्या भोकात खीळ घातली, किती माणसांनी बोट चढली, ते वहीत लिहून वही बोटीबरोबरच ठेवा. पूर रात्री येतो. तेव्हा शिकायला सवड नसते.