बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा: खानदेशच्या जुन्या राजधानीखालचा प्रवाह

तापीच्या उत्तर तीरावरील बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले, तरी जळगाव आणि धुळे हे जिल्हे ज्या खानदेशात मोडतात त्याचा कारभार दीर्घकाळ याच शहरातून चालला. शिरपूर तालुक्यातील थाळनेर ही फारुकी सुलतानांची पहिली राजधानी होती, इ. स. 1400 च्या सुमारास नसीर खान फारुकीने सुफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने हे नवे नगर वसवले आणि 1601 मध्ये असीरगड अकबराच्या हाती पडल्यावर ते मुघलांच्या खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे झाले. दख्खनच्या मोहिमांसाठी येथे मोठी फौज पडून असे, विणकर आणि व्यापाऱ्यांची वस्ती वाढत होती, आणि नदी उशाशी असूनही तिचे पात्र खोल असल्याने पाणी वर चढवणे जिकिरीचे होते. या अडचणीवर सुभेदार अब्दुर्रहीम खानखानान याच्या काळात, 1615 मध्ये, जो तोडगा काढण्यात आला तो शहराच्या उत्तरेला लालबाग भागात अजून वाहता आहे; त्यालाच कुंडी भंडारा म्हणतात, तर बोलण्यात त्याचे नाव खूनी भंडारा असे आहे.

या योजनेचे श्रेय तबकतुल अर्ज या इराणी भूगर्भतज्ज्ञाला दिले जाते, आणि तिची मूळ कल्पनाही इराणातील कनात या पद्धतीची आहे. कनात म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी मुरलेले पाणी हलक्या उताराच्या बोगद्यातून, कोणत्याही उपशाशिवाय, वस्तीपर्यंत आणणारा भुयारी कालवा. सातपुड्यावर पडलेला पाऊस पायथ्याच्या गोटे, वाळू आणि गाळ यांच्या थरांत झिरपतो व भूमिगत वाटेने तापीकडे सरकतो. ही वाट मध्येच अडवून पाणी एका मूळ विहिरीत गोळा करायचे आणि तेथून विहिरींच्या साखळीतून पुढे सोडायचे, अशी ही रचना आहे. सुमारे 20 मीटर अंतरावर एक याप्रमाणे शंभराहून अधिक कुंड्या, म्हणजे उभ्या गोल विहिरी, एकमेकींना खालून जोडलेल्या आहेत. बोगदा खणताना माती वर काढणे, आत हवा व उजेड पोचवणे आणि पुढे गाळ उपसणे अशी सगळी कामे या कुंड्यांतूनच होत. शहरात आल्यावर हे पाणी जाली करंज येथील हौदात जमा होई व तेथून नळांनी वस्तीत वाटले जाई. अशा एकूण आठ व्यवस्था बऱ्हाणपुरात उभारल्याचे सांगितले जाते आणि मूल भंडारा, सुखा भंडारा व चिंताहरण ही त्यांतली परिचित नावे आहेत.

एका कुंडीतून आज पाळण्याने सुमारे 80 फूट खाली उतरता येते. तळाशी एका कुंडीतून दुसरीकडे जाणारी अरुंद गल्ली आहे. पाण्यातील चुना शतकानुशतके साचत गेल्याने तिच्या भिंतींवर पांढरट, खडबडीत पुटे चढली असून काही ठिकाणी वाट त्यांनी आणखी आवळली आहे. दर काही पावलांवर डोक्यावरच्या कुंडीतून प्रकाशाचा गोल पाण्यावर पडतो. तरीही स्थापत्याच्या दृष्टीने अधिक बोलका भाग वरच आहे, असे म्हणावे लागते. शेतांतून आणि वस्तीतून एका ओळीत गेलेले कुंड्यांचे गोल कठडे म्हणजे खालच्या प्रवाहाचा जमिनीवर काढलेला नकाशाच होय, आणि तो वाचण्यासाठी कोणत्याही फलकाची गरज लागत नाही.

गाडलेले प्रवाह पुन्हा नजरेस आणणे हा अलीकडे जगभर सार्वजनिक कलेचा विषय झाला आहे. लंडनमध्ये क्रिस्तिना इग्लेसियास या स्पॅनिश शिल्पकर्तीने 2017 मध्ये, शहराखाली लुप्त झालेल्या वॉलब्रुक ओढ्याची आठवण म्हणून, ब्राँझमध्ये ओतलेल्या मुळ्या-पानांवरून पाणी वाहते ठेवणारे शिल्प घडवले. महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत भुयारी नळाने आलेले पाणी उंच भिंतीवरून हौदात कोसळते. पुण्यात कात्रजहून येणाऱ्या पेशवेकालीन नळाचे उच्छ्वास, म्हणजे हवा बाहेर सोडणारे मनोरे, आजही काही ठिकाणी दिसतात, आणि त्या काळी शनिवारवाड्यातले हजारी कारंजे कमळाच्या सोळा पाकळ्यांतून उडत असे. चाळीसगावजवळच्या पितळखोरे लेण्यात तर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच, लेण्यातले पाणी खडकातील पन्हळीने आणून पाच फण्यांच्या नागाच्या फण्यांतून बाहेर सोडण्याची योजना केलेली आढळते. बऱ्हाणपूरला असे शिल्प नाही. तेथे उपयुक्ततेनेच शिल्पाचे काम केले आहे.

लोकांच्या सहभागाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. पांझरा नदीवरील फड या सामुदायिक सिंचन पद्धतीत बंधारा, पाट आणि चाऱ्या उघड्यावर असतात, एका फडात कोणते पीक घ्यायचे ते शेतकरी मिळून ठरवतात, पाळीप्रमाणे पाणी देण्यासाठी पाटकरी नेमतात, आणि पाणी डोळ्यांसमोर असल्यामुळे तंटेही तिथल्या तिथे मिटतात. कुंडी भंडारा ही सत्तेने उभारलेली योजना. नळपाणी घरोघर आल्यावर तिच्याशी रोजचा संबंध उरला तो मोजक्यांचाच, आणि वापर सुटला की देखभालही सुटते. मार्च 2024 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत तिचा समावेश झाला खरा, आणि इराणी कनातींना तर जागतिक वारशाचा दर्जा 2016 मध्येच मिळालेला आहे. परंतु कठडे राखल्याने प्रवाह राखला जात नाही. यावल आणि रावेरपासून बऱ्हाणपूरपर्यंतचा केळीचा पट्टा सातपुड्याच्या पायथ्याच्या भूजलावरच उभा आहे, कूपनलिका खोल जात आहेत, आणि या पट्ट्यातील पुनर्भरणासाठी तापी खोऱ्याच्या महाकाय योजनेचा करार महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्यात 2025 मध्ये झाला. कुंड्यांतल्या पाण्याची पातळी पुढे काय राहील, हे लालबागेतील तिकीटखिडकीपेक्षा डोंगराच्या कडेच्या त्या शेतांवर अधिक अवलंबून आहे.