फाइलीत मावलेलं एक्स्चेंज

टेलिफोनवरचा आवाज म्हणजे सेकंदाला ८,००० आकडे. तारेतल्या लहरीची उंची दर सेकंदाला इतक्या वेळा मोजायची, प्रत्येक मोजमाप एका बाइटमध्ये बसवायचं आणि पुढे धाडायचं. पलीकडचं यंत्र त्या आकड्यांवरून लहर पुन्हा उभी करतं आणि आपल्याला आईचा आवाज पहिल्याच शब्दाला ओळखू येतो. १९७२पासून ही पद्धत जगभर प्रमाण मानली जाते. मग आकडेच इकडून तिकडे न्यायचे, तर त्याला टेबलावरचा साधा संगणक का चालू नये? हा प्रश्न बालिश वाटतो. पण तो गांभीर्याने घ्यायला १९९९ उजाडावं लागलं.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात मार्क स्पेन्सर नावाचा एक विद्यार्थी लिनक्सबद्दल मदत पुरवणारी छोटी कंपनी चालवत होता. भांडवल सुमारे ४,००० डॉलर. गिऱ्हाइकांचे फोन घेऊन योग्य माणसाकडे वळवायला त्याला ईपीएबीएक्स, म्हणजे कार्यालयातलं छोटं टेलिफोन एक्स्चेंज, हवं होतं आणि त्याची किंमत ऐकून त्याने ते घरीच बनवायचं ठरवलं. मोठं ध्येय वगैरे काही नव्हतं, खिसा रिकामा होता इतकंच. हा गडी मुळातच प्रोग्रॅम लिहून मोकळा होणाऱ्यांतला. गप्पा मारण्यासाठीचं 'गेम' हे सॉफ्टवेअर त्याने आधीच लिहिलं होतं, ज्याला पुढे 'पिजिन' हे नाव मिळालं. आता त्याने लिहिलेल्या एक्स्चेंजचं नाव होतं 'ॲस्टरिस्क'. कुणीही पाहावं, बदलावं, वापरावं, अशा जीपीएल परवान्याखाली त्याने ते खुलं केलं.

पण एक्स्चेंज लिहून काय उपयोग? टेलिफोनच्या तारा संगणकाला जोडणारी कार्डं मिळत, पण त्यांच्यावर आवाज हाताळणाऱ्या खास चिपा असत आणि त्यांची किंमत अशा दुकानदाराच्या आवाक्याबाहेरची होती. इथे कथेत जिम डिक्सन येतात. टेलिफोनचे जाणकार आणि हौशी रेडिओवाले. त्यांचा दावा असा, की संगणकाचा प्रोसेसर आता इतका वेगवान झालाय की कार्डावर अक्कल ठेवायची गरजच नाही. कार्डाने फक्त आकडे आत-बाहेर करावेत, सगळं गणित प्रोसेसर करेल. त्यांनी 'टोर्मेंटा' नावाचं तसं कार्ड घडवलं आणि त्याचा आराखडा इंटरनेटवर फुकट ठेवून दिला. प्रकल्पाला नाव दिलं मेक्सिकोच्या क्रांतिकारक झपाटाचं. डिक्सन यांनी हे फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालवलं होतं, स्पेन्सरने ते लिनक्सवर आणलं. माझ्या मते ॲस्टरिस्कचा खरा जन्म या भेटीत आहे.

कार्डाला अक्कल नाही म्हणजे नेमकं काय, ते पाहण्यासारखं आहे. ते कार्ड सेकंदाला १,००० वेळा प्रोसेसरला हाक मारतं. दर हाकेला प्रत्येक संभाषणाचे आठ नवे आकडे येतात आणि आठ जातात. अमेरिकेतल्या टी-१ वाहिनीवर अशी २४ संभाषणं एकाच वेळी चालतात, आपल्याकडच्या ई-१वर ३०. पंगतीत वाढणाऱ्याला दर पावलाला कुणीतरी 'इकडे भात' म्हणावं, तशी प्रोसेसरची गत. हातातलं काम टाकायचं, आकडे उचलायचे, तारेतून परतणारा प्रतिध्वनी मोजून वजा करायचा, आकडे पुढे सरकवायचे आणि टाकलेलं काम पुन्हा हाती घ्यायचं. हे सगळं एक हजारांश सेकंदात, कारण पुढची हाक तयारच असते. एखादी हाक हुकली तर ऐकणाऱ्याच्या कानात 'टक्' होतं.

आणि कार्डच नसेल तर? चार जण एकत्र बोलत असताना चौघांचे आकडे एकाच ठोक्यावर मिसळावे लागतात आणि तो ठोका कार्डाकडून येई. कार्डाविना चालवणाऱ्यांसाठी या मंडळींनी अफलातून युक्ती काढली. यूएसबी कंट्रोलरलाही स्वतःच्या कामासाठी दर मिलिसेकंदाला ठोका लागतो. तोच उसना घेतला! माउस आणि प्रिंटर जोडायच्या भागावर तीन-चार गावांतल्या माणसांची बैठक चालू लागली.

स्पेन्सरच्या कंपनीचं नाव पुढे 'डिजियम' झालं. सॉफ्टवेअर फुकट आणि कार्डं विकत, असा तिचा हिशोब होता. सप्टेंबर २००४ मध्ये १.० आवृत्ती आली. तोवर जगभरचे लोक त्यात भर घालू लागले होते. एक्स्चेंजची सगळी बुद्धी आता साध्या मजकुराच्या फाइलीत ओळी लिहून सांगता येत होती: १०० नंबर फिरवला तर अमुक फोन वाजव, वीस सेकंदांत उचलला नाही तर निरोप घे. ध्वनिमुद्रित सूचना ॲलिसन स्मिथ यांच्या आवाजातल्या. नको त्या विक्रेत्यांना पिडण्यासाठी, घरच्या मंडळींना माकडांनी पळवून नेलं आहे अशा अर्थाची सूचनाही त्यांत गंभीर सुरात सापडते. सरकारी टेलिफोन खात्याला हे सुचलं नसतं.

इंटरनेटवरून बोलायचं तर दोन यंत्रांना समान भाषा लागते. ती 'सिप'. १९९९ मध्ये तिची पहिली प्रमाण आवृत्ती प्रसिद्ध झाली, २००२ मध्ये सुधारित. वेब पानं मागवताना ब्राउझर जशी भाषा वापरतो, तिच्याच धर्तीवरची: एका बाजूने आमंत्रण, दुसरीकडून 'वाजतंय', मग 'ठीक', शेवटी 'निघतो'. आवाज मात्र वेगळ्या वाटेने जातो, सेकंदाला साधारण ५० पुडकी. अडचण इथेच येते. घरच्या राउटरमागचा फोन आपला घरगुती पत्ता कळवतो, बाहेरच्याला तो पत्ता सापडत नाही आणि मग एकाला ऐकू येतं, दुसऱ्याला शांतता. यावर स्पेन्सरने आयएएक्स ही स्वतःची भाषा काढली. तिच्यात बोलणी आणि आवाज एकाच दारातून जातात. उपाय सुटसुटीत, २०१० मध्ये अधिकृत दस्तऐवजात आला, पण जग सिपकडे गेलं. सरस ते टिकतंच असं नाही.

भांडणंही झाली. खूप फोन एकदम आले की ॲस्टरिस्क अडकतं, अशी अँथनी मिनेसेल यांची तक्रार. ते स्वतः ॲस्टरिस्कमध्ये भर घालणारे. पाया बदलल्याशिवाय हे सुटणार नाही म्हणून त्यांनी 'फ्रीस्विच' शून्यातून लिहायला घेतलं, त्याची १.० आवृत्ती २००८ मध्ये आली. ॲस्टरिस्कवाल्यांनाही आतून घर नव्याने बांधावं लागलं. सिप बोलणारा जुना भाग बाजूला सारणारा नवा भाग २०१३ च्या १२व्या आवृत्तीत आला आणि जुना अखेर २०२३ मध्ये २१व्या आवृत्तीतून काढला. मधे १.८ नंतर थेट १०, अशी आकड्यांची उडी आहे, तिने बुचकळ्यात पडू नये. २०१८ मध्ये कॅनडाच्या सँगोमाने डिजियम विकत घेतली.

भारतात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली, पण देशातल्या नेहमीच्या फोनवर तो आवाज उतरवायला मनाई होती. तरी सगळ्यात हृद्य वापर मला आपल्याकडचाच वाटतो. २०१० मध्ये मध्य भारतात 'सीजीनेट स्वर' सुरू झालं. गोंडी बोलणाऱ्या आदिवासी माणसाने साध्या मोबाइलवरून फोन करायचा, गावातल्या न मिळालेल्या मजुरीची किंवा बंद हातपंपाची बातमी बोलून ठेवायची आणि इतरांनी फोनवरच ती ऐकायची. वर्तमानपत्र नाही, स्मार्टफोन नाही. मागे ॲस्टरिस्क चालवणारा एक संगणक.

घरात जुना संगणक पडून असेल तर त्यावर लिनक्स आणि ॲस्टरिस्क टाकून पाहा. दोन मोबाइलवर सिपचं फुकट ॲप घ्या, फाइलीत चार ओळी लिहा आणि स्वयंपाकघरातून बैठकीच्या खोलीत फोन लावा. मात्र इंटरनेटला जोडण्याआधी पासवर्ड अवघड ठेवा. उघडी एक्स्चेंजं शोधून त्यांवरून परदेशी फोन फिरवणारे भामटे रात्रंदिवस जागे असतात.