पॅलेस थिएटर ते केशवराव भोसले

बोहाड्याला, म्हणजे मुखवट्यांच्या लोकनाट्याला, इमारत लागत नाही. जव्हार-मोखाड्यात पटांगण, संबळ आणि घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली सोंगे असली की रात्र उभी राहते. संगीत नाटकाला मात्र छप्पर हवे, आणि ते गेले की काय होते ते कोल्हापूरने पाहिले.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात तिथे ‘पॅलेस थिएटर’ बांधले. शेजारीच खासबाग कुस्ती मैदान. रोममध्ये पाहिलेल्या रंगभूमी-मैदानांची प्रेरणा त्यामागे होती. एका भिंतीच्या अंतरावर कुस्ती आणि गाणे, दोघांनाही राजाश्रय. असे शहर विरळाच. पुढे नाट्यगृहाला कोल्हापूरचेच गायक-नट केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. जन्म ९ ऑगस्ट १८९०. १९०८ मध्ये त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी काढली. जुलै १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर ‘संयुक्त मानापमान’ हे नाटक केले आणि ऑक्टोबरात, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, ते गेले.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. कलावंत आणि रसिक जळक्या भिंतींसमोर जमले, अनेकांना रडू आवरले नाही. त्यांची मागणी एकच होती: नवे चकचकीत सभागृह नको, होते तसेच उभारा. राज्य सरकारने पुनर्बांधणीसाठी २० कोटी रुपये जाहीर केले.

ही मागणी रास्तच आहे. आपल्या गावातल्या जुन्या रंगमंचासाठी ती करायला आगीची वाट पाहू नका.