सालामांकातले एक सत्र

मुलाने किंवा मुलीने कॉलेजचे एक सत्र परदेशात करायचे ठरवले, की घरातली वडीलधारी माणसे हमखास विचारतात, 'पाच महिन्यांत असे काय शिकून होणार?' प्रश्न रास्त आहे. पदवी तिथली मिळत नाही, खर्च मात्र युरोत होतो. तरीही इतकी वर्षे स्पॅनिश शिकवल्यानंतर मी ठामपणे सांगेन, की संधी मिळाली तर जरूर जावे. फक्त गाव विचारपूर्वक निवडावे आणि तिथेच मुक्काम ठोकावा. माद्रिद-बार्सिलोनाची ओढ सगळ्यांनाच असते. मी मात्र विद्यार्थ्यांना सालामांका सुचवते.

विद्यापीठाचे गाव

सालामांका माद्रिदच्या वायव्येला, साधारण 200 किलोमीटरवर, तोर्मेस नदीच्या काठी वसले आहे. लिओनचा राजा नववा आल्फोन्सो याने 1218 मध्ये इथे विद्यापीठ स्थापन केले. आजही चालू असलेल्या स्पेनमधल्या विद्यापीठांत ते सर्वांत जुने. जुन्या शहरातल्या बहुतेक इमारती जवळच्या विल्यामायोरच्या वालुकाश्मात बांधलेल्या आहेत. हा दगड खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, म्हणून त्यावर बारीक नक्षी कोरता येते. पुढे त्यातल्या लोहामुळे त्याला सोनेरी तांबूस छटा चढते. 1988 पासून हे जुने शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

स्पॅनिश शिकणाऱ्याच्या दृष्टीने या गावाचे महत्त्व आणखी मोठे. आंतोनिओ दे नेब्रिखाने लिहिलेले स्पॅनिशचे पहिले व्याकरण 1492 मध्ये इथेच छापले गेले. 1551 मध्ये लिमा आणि मेक्सिको इथे विद्यापीठे स्थापन झाली, तेव्हा त्यांच्यापुढे नमुना होता सालामांकाचा. आजही वर्गात शेजारी कोलंबियाची मुलगी आणि मेक्सिकोचा मुलगा सहज भेटतो. त्यांचे उच्चार स्पेनपेक्षा वेगळे, अनेकवचनी 'तुम्ही' वेगळे. स्पॅनिश वीस देशांची राजभाषा आहे हे पुस्तकात वाचलेले असते, पण कान त्या वैविध्याला सरावतो तो इथे.

पुस्तक आणि पूल

एक उदाहरण देते. 'लासारिल्यो दे तोर्मेस' ही छोटी कादंबरी स्पॅनिशच्या प्रत्येक अभ्यासक्रमात असते. तिच्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या आवृत्त्या 1554 च्या. लेखकाचे नाव अज्ञात. गरीब घरचा पोरगा लासारो एका आंधळ्या भिकाऱ्याचा वाटाड्या होतो. सालामांका सोडताना पुलाच्या तोंडाशी दगडी बैल असतो. बैलाला कान लाव, आत मोठा आवाज ऐकू येईल, असे आंधळा सांगतो. पोरगा कान लावतो आणि आंधळा त्याचे डोके त्या दगडावर आपटतो. जगात डोळे उघडे ठेवून वागायचे, हा त्याचा पहिला धडा.

तो रोमनकालीन पूल अजून आहे आणि बैलही. वर्गापासून चालत काही मिनिटांची वाट. बैलाचे डोके कधीच गेले आहे, धड तेवढे उरले आहे. सकाळी तो उतारा वाचायचा आणि दुपारी त्या धडाच्या खरबरीत पाठीवर हात ठेवून उभे राहायचे. मग भाषांतर करताना अडलेली वाक्ये आपोआप सुटू लागतात, कारण नदी, चढण, वेस सगळे समोर असते. या शिक्षणासाठी तिथे जाऊनच राहावे लागते.

घर, स्वयंपाकघर, जेवण

सप्टेंबर उजाडला की विद्यापीठाच्या परिसरात खांबाखांबावर 'खोली भाड्याने'च्या चिठ्ठ्या झळकतात. खालच्या कडेला फोन नंबरच्या झालरी असतात, हवी ती फाडून न्यायची. मुले तिघा-चौघांत घर घेतात किंवा एखाद्या कुटुंबात राहतात. भाषा कच्ची असेल तर कुटुंबातच राहावे. दुपारचे जेवण अडीच-तीनला, रात्रीचे नऊनंतर. ताटे उचलली तरी कोणी लगेच उठत नाही. कॉफी, राजकारण, भाच्याचे लग्न असे काहीबाही तासभर चालते. या गप्पांना तिथे 'सोब्रेमेसा' म्हणतात. पोट भरले म्हणून खोलीत निघून जाणारा विद्यार्थी दिवसातला सर्वांत चांगला तास गमावतो.

अंडे खाणाऱ्यांची सोय बटाट्याच्या तोर्तियाने होते. पातळ काप ऑलिव्ह तेलात मंद आचेवर मऊ शिजवायचे, तेल निथळायचे, फेटलेल्या अंड्यात मुरवायचे आणि जाड थापून दोन्हीकडून भाजायचे. कांदा घालावा की नाही, यावर सारा स्पेन हिरिरीने भांडतो. शुद्ध शाकाहाऱ्यांनी मात्र विचारल्याशिवाय घास घेऊ नये. साध्या मसुराच्या आमटीतही डुकराच्या मांसाचे सॉसेज असते.

वर्गातली रीत

युरोपातले श्रेयांक एका सत्राला 30 असतात आणि एका श्रेयांकामागे 25 ते 30 तासांचे काम धरलेले असते. त्यात तासिका, वाचन, लेखन सगळे आले. गुण 10 पैकी, 5 ला उत्तीर्ण. 9 च्या पुढे फार थोडे जातात, तेव्हा 7 मिळाले म्हणून रडू नये. प्राध्यापकांना नावाने हाक मारायची आणि एकेरीत बोलायचे, ही रीत आपल्या मुलांना सुरुवातीला जड जाते. पण त्यामुळेच प्रश्न विचारायची भीड चेपते.

खरा धोका वेगळाच आहे. 1987 मध्ये सुरू झालेल्या इरॅस्मस योजनेमुळे स्पेनमध्ये युरोपभरची मुले येतात आणि आपसांत इंग्रजी बोलतात. त्या कोंडाळ्यात शिरले की सत्र इंग्रजीतच संपते. त्यात स्वस्त विमाने असतात. दर शनिवारी नवा देश. फोटो भरपूर जमतात, भाषा होती तिथेच राहते. त्याऐवजी भाषेची देवाणघेवाण करणारा जोडीदार शोधावा, एक तास स्पॅनिश आणि एक तास इंग्रजी. वाचनालयाचे कार्ड काढावे. भाजी रोज एकाच दुकानातून घ्यावी. तिसऱ्या महिन्यात दुकानदार आपणहून चौकशी करू लागतो, तेव्हा भाषा अंगवळणी पडायला लागलेली असते.

निघण्यापूर्वी

तयारी वर्षभर आधी सुरू करावी. स्पॅनिशमधल्या व्याख्यानांसाठी भाषेच्या युरोपीय श्रेणीतली बी-1 पातळी हाताशी हवी, बी-2 असेल तर उत्तम. कोणते विषय घेणार आणि त्यांचे श्रेयांक इथे कशासाठी धरले जाणार, याचा लेखी करार दोन्ही संस्थांच्या सहीने आधीच व्हायला हवा. मुक्काम 180 दिवसांच्या आत असेल तर व्हिसा पुरतो. त्याहून जास्त असेल तर तिथे गेल्यावर परदेशी रहिवाशाचे ओळखपत्र काढावे लागते. स्पॅनिश माणसाला दोन आडनावे असतात, त्यामुळे आपले मधले वडिलांचे नाव तिथल्या अर्जात पहिले आडनाव म्हणून बसू शकते. सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव लिहिले आहे ना, हे दरवेळी तपासावे.

सर्वांत मोठी अडचण दिनदर्शिकेची. तिथले पहिले सत्र सप्टेंबरमध्ये सुरू होते आणि परीक्षा 6 जानेवारीचा तीन राजांचा सण उलटल्यावर होतात. तोवर आपल्याकडे पुढचे सत्र सुरू झालेले असते. परतलेल्या विद्यार्थ्याला हजेरी आणि राहिलेले पेपर यांसाठी कचेरीच्या खेपा माराव्या लागतात आणि कधी वर्षही बुडते. सधन घरची मुले हे सोसतात. तालुक्याच्या गावाहून पुण्या-मुंबईत शिकायला आलेल्या मुलीला ते परवडत नाही, म्हणून ती अर्जच करत नाही. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने श्रेयांक साठवण्याची कल्पना स्वीकारली आहे. आता प्रत्येक महाविद्यालयाने परदेशी सत्राच्या श्रेयांकांचा नियम आणि राहिलेल्या परीक्षांची सोय आधीच जाहीर करावी. त्याला पैसा फारसा लागत नाही, इच्छा लागते. एवढे झाले तर सालामांकाची वाट हुशार पण साध्या घरातल्या मुलांनाही मोकळी होईल.