काळा कातळ आणि इवलीशी हाडे

बोरघाटातील रेल्वेमार्ग १८६३ साली खुला झाला, तो काळा कातळ फोडूनच. कार्ले-भाज्याची लेणी कोरली गेली तीही याच कातळात. मात्र या कातळात प्राचीन पाखराचे हाड शोधू जाणाऱ्याच्या पदरी निराशाच येईल. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून उसळलेल्या लाव्हाचे थरांवर थर साचून तो घडला. भूवैज्ञानिकांनी या थरांच्या एका गटास लोणावळ्याचे, तर त्यातील एका थरसमूहास खंडाळ्याचे नाव दिले आहे. त्या तप्त रसात नाजूक हाड टिकणार कसे?

तथापि दोन उद्रेकांमधील शांत काळात तळी साचत व त्यांत गाळ बसे. मुंबईत वरळी येथे अशाच गाळात चिमुकल्या बेडकांचे अवशेष मिळाले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचे वर्णन केले.

पाखरांचा पुरावा मिळाला तो उत्तरेकडे, सुरत जिल्ह्यातील वस्तान येथे. तेथे दख्खनच्या लाव्हाथरांवर पुढे दलदल पसरली आणि तिचा लिग्नाइट कोळसा झाला. त्या खाणीतील सुमारे ५ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीच्या गाळात लहान पक्ष्यांची हाडे सापडली. गेराल्ड मायर, अशोक सहानी आदी संशोधकांनी २००७ साली त्यांतील एका प्रजातीस ‘वस्तानाविस’, म्हणजे वस्तानचा पक्षी, हे नाव दिले. आधार होता खांद्याजवळच्या एका हाडाचा! पुढे मिळालेल्या हाडांवरून हा पक्षी पोपटांच्या नात्यातील असावा, असे मत मांडले गेले. भारतीय भूखंड आशियास भिडण्याच्या सुमारास कोणते जीव कोठून कोठे गेले, या प्रश्नात ही इवलीशी हाडे मोलाची साक्ष देतात.

खाण खोदली नसती, तर हे पक्षी अज्ञातच राहिले असते, हे खरे. परंतु जे यंत्र असे अवशेष वर आणते, तेच त्यांचा चुराही करते. कोळसा जळून जातो आणि गाळ ढिगाऱ्यात जातो. खडी फोडताना दोन कातळांमधला गाळाचा थरही असाच नाहीसा होऊ शकतो. म्हणून खाणीस परवानगी देतानाच भूवैज्ञानिकांच्या पाहणीची अट घातली गेली पाहिजे. शिक्षकांनीही मुलांना कार्ल्यास नेताना लेण्यांबरोबर तो कातळ वाचावयास शिकवावे. शिल्प भंगले तर निदान त्याचे छायाचित्र उरते. न पाहिलेला थर फोडला गेला तर त्याची आठवणही उरत नाही.