सुटीचं गणित (भाग ७) : रांग कोणत्या महिन्यात आखूड होते?

मागच्या भागात रेल्वे आरक्षणाची ६० दिवसांची मुदत आणि आपल्या सुट्या यांचा मेळ कसा बसवायचा ते पाहिलं. या आठवड्याचा विषय थीम पार्कचा. घरात मुलं असली की हा बेत कधी ना कधी निघतोच, आणि निघाला की आधी चौकशी होते ती हवेची. ऊन फार नाही ना? पाऊस घोटाळा करेल का? चौकशी रास्तच आहे, पण पार्कातला दिवस खरा खर्ची पडतो तो रांगेत. म्हणून आधी रांगेचं बघू आणि मग हवेचं.

उदाहरणाला खोपोलीजवळचं इमॅजिका घेऊ. मनमोहन शेट्टी यांच्या ॲडलॅब्जने ते २०१३च्या एप्रिलमध्ये सुरू केलं. वॉटर पार्क आणि स्नो पार्क नंतर आले आणि २०२२मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने कारभार हाती घेतला. जागा अशी, की मुंबई आणि पुणे दोन्हीकडून सकाळी निघून रात्री घरी परतता येतं. त्यामुळे तिथली गर्दी प्रामुख्याने या दोन शहरांच्या सुट्या ठरवतात.

आता रांग. रांगेची लांबी नुसत्या माणसांवर ठरत नाही. राइड तासाला किती जणांना फिरवून आणते, यावरही ठरते. समजा, एका रोलर कोस्टरच्या गाडीत २८ जण बसतात आणि दर ३ मिनिटांनी एक गाडी सुटते. म्हणजे तासाला ५६० जण. तुमच्या पुढे २८० माणसं असतील तर अर्ध्या तासात नंबर लागेल. पण त्याच रुळांवर दोनऐवजी एकच गाडी धावत असेल, तर ती परत येऊन, माणसं उतरून, नवी बसून, प्रत्येकाचा खांद्यावरचा दांडा कर्मचाऱ्याने ओढून पाहीपर्यंत ६ मिनिटं जातात. माणसं तेवढीच, पण थांबायचं तासभर. दुसरी गाडी केव्हा लावायची, हे पार्कवाले गर्दीच्या अंदाजावर ठरवतात. हे ध्यानात असू द्या. पुढे कामाला येणार आहे.

मे महिना सगळ्यांना सोयीचा, आणि तीच त्याची अडचण. राज्य मंडळाच्या आणि केंद्रीय मंडळाच्या शाळांना तेव्हा एकदमच सुटी असते. नातेवाईक आलेले असतात, आतेभाऊ-मामेबहिणी जमलेल्या असतात. खालापूरचा हा पट्टा सह्याद्रीच्या पायथ्याशी. पारा चाळिशीकडे झुकतो आणि वर कोकणातला दमटपणा. दुपारी एक ते चार उघड्यावरच्या रांगेत उभं राहणं लहानांना आणि आजी-आजोबांना झेपत नाही. मे महिन्यातच जायचं असेल तर वॉटर पार्कपुरतं जा.

जूनच्या मध्यावर राज्यातल्या बहुतेक शाळा उघडतात आणि चित्र पालटतं. हवामान खात्याच्या सुधारित तारखांनुसार मुंबईत मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परततो. मधले दिवस या भागात धुवांधार. विजा चमकू लागल्या की उंच, उघड्यावरच्या राइड थांबवाव्याच लागतात. नायट्रोसारखा सुमारे ४० मीटर उंचीचा लोखंडी सांगाडा अशा वेळी चालू ठेवणं कुणीच पत्करणार नाही. डीप स्पेस, मिस्टर इंडिया, सालिमगढ या गोष्टी छपराखाली असल्यामुळे पावसातही त्यांचा आनंद घेता येतो. पावसाळ्यात आणखी एक मेख आहे. पार्क मोकळं असलं तरी रस्ता मोकळा असेलच असं नाही. भुशी धरणावर भिजायला निघालेली अर्धी मुंबई शनिवारी सकाळी त्याच द्रुतगती मार्गावर असते आणि रविवारी संध्याकाळी त्याच मार्गाने परतते. पावसाळी बेत आखाल तर मधल्या वारी.

दिवाळीत आपल्या शाळांना सुटी असते हे आपण धरूनच चालतो, गुजरातच्या सुटीचा हिशोब मात्र करत नाही. तिथे दिवाळीची सुटी जवळपास तीन आठवड्यांची, आणि पाडव्यानंतर गुजराती कुटुंबं सहकुटुंब सहपरिवार बाहेर पडतात. महाबळेश्वरचे हॉटेलवाले याच दिवसांवर डोळा ठेवून असतात. लोणावळा-खंडाळ्याकडेही तोच ओघ असतो. त्यामुळे भाऊबीज उरकून निवांत जाऊ, हा हिशोब चुकतो. गर्दीचा दुसरा हप्ता तेव्हाच सुरू होतो.

डिसेंबर आणि जानेवारीची हवा सुरेख. पण याच दोन महिन्यांत शाळांच्या सहली निघतात. बुधवार आहे, सगळं रिकामं असेल, म्हणून तुम्ही जाता आणि वाहनतळावर लाल एस.टी. ओळीने उभ्या दिसतात. एकाच रंगाच्या टोप्या घातलेली शे-दोनशे मुलं, हातात यादी घेऊन डोकी मोजणाऱ्या बाई, ‘जोडी सोडायची नाही’ असा पुकारा. अशा सहलीचं एक बरं असतं : ती घोळक्याने एका राइडवरून दुसरीकडे सरकते आणि परतीच्या प्रवासासाठी लवकर निघते. समोर टोप्यांची रांग दिसली की उलट्या बाजूने सुरुवात करा आणि आवडत्या राइड संध्याकाळसाठी ठेवा. नाताळ ते नववर्ष हा आठवडा मात्र सरळ वगळा.

आता फेब्रुवारी. २६ जानेवारीची जोडसुटी संपली, सहली आटोपल्या, बारावी-दहावीच्या परीक्षा तोंडावर आल्या. ज्यांच्या घरी परीक्षार्थी आहे ती कुटुंबं उंबरठ्याबाहेर पडत नाहीत, ऊन अजून चढलेलं नसतं आणि पावसाचा प्रश्नच नसतो. १९ फेब्रुवारीची शिवजयंती आणि महाशिवरात्र यांना लागून शनिवार-रविवार येत नाही ना, एवढं पाहा. बाकी मंगळवार ते गुरुवार यांतला कोणताही दिवस चालेल.

पण आपल्याच मुलांची शाळा बुडते त्याचं काय? इथे थोडी नजर ठेवावी लागते. स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी बऱ्याच शाळा सुटी देतात. बोर्डाच्या परीक्षेचं केंद्र असलेल्या शाळांत पेपरच्या दिवशी खालच्या वर्गांना सुटी तरी असते, नाहीतर वेळ बदललेली असते. ही सुटी तुमच्या शाळेची असते, गावाची नसते. थीम पार्कसाठी याहून चांगली सुटी मिळायची नाही.

मग सगळ्यात रिकामा दिवस शोधावा आणि जावं, असं कुणी म्हणेल. इथे ती मघाची दुसरी गाडी आठवा. माणसं फारच कमी असली की गाड्याही कमी लावल्या जातात, त्यामुळे रांग अपेक्षेएवढी आखूड होत नाही. मोठ्या राइड पूर्ण उघडून दुरुस्त करायच्या असतात आणि ते काम पार्कवाले मंदीच्या दिवसांतच काढतात. काही ठिकाणी वेळाही लवकर संपतात, खाण्याचे निम्मे स्टॉल बंद असतात. ज्या राइडसाठी मुलगा महिनाभर नाचत होता, तिच्यावरच ‘दुरुस्तीसाठी बंद’ ही पाटी दिसली तर मोकळ्या पार्काचं काय करायचं? त्यामुळे अगदी शुकशुकाटाचा दिवस टाळावा आणि हंगामाच्या कडेचा दिवस धरावा. फेब्रुवारीचा मधला वार, जूनचा दुसरा पंधरवडा किंवा गणपती विसर्जनानंतरचा भाद्रपदाचा वद्य पक्ष. पितृपक्षात हौसेचे बेत बहुतेक घरांत पुढे ढकलले जातात, शाळांत सहामाहीची तयारी चालू असते आणि पावसाचा जोर ओसरू लागलेला असतो.

परदेशी जाणाऱ्यांनाही हेच सूत्र लागू पडतं, फक्त शाळा तिथल्या पाहायच्या. सिंगापूरच्या शाळांची मधली मोठी सुटी मेच्या अखेरीस सुरू होऊन जूनच्या शेवटापर्यंत चालते. म्हणजे आपली उन्हाळी सुटी लागल्यावर मेच्या पहिल्या पंधरवड्यात गेलात, तर सेंटोसावरच्या युनिव्हर्सल स्टुडिओत तिथली मुलं नसतील. जूनमध्ये गेलात तर असतील. मात्र १ मे आणि बुद्धपौर्णिमा तिथेही सुटीचे दिवस आहेत. अमेरिकेत लेकीकडे जाणाऱ्या आजी-आजोबांनी ऑरलँडोचा बेत सप्टेंबरात शाळा उघडल्यावर करावा. तेव्हा गर्दी उतरलेली असते, पण फ्लोरिडात चक्रीवादळांचा मोसम चालू असतो, तेव्हा रद्द करता येईल असंच आरक्षण घ्या.

तारीख पारखायची एक सोपी खूण शेवटी सांगतो. डिस्नीने अमेरिकेतल्या आपल्या पार्कांत २०१६पासून एका दिवसाच्या तिकिटाचे दर गर्दीनुसार कमीजास्त ठेवायला सुरुवात केली. टोकियोत हीच पद्धत २०२१मध्ये आली. आता बऱ्याच पार्कांचे दर वारानुसार आणि हंगामानुसार बदलतात. कोणत्या दिवशी किती लोक येतील, हे त्या पार्कवाल्यांइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतं, आणि तो अंदाज त्यांनी दरांत मांडून ठेवलेला असतो. दोन-तीन महिन्यांचे दर शेजारी ठेवा. सगळ्यात महाग दिवस खोडा, सगळ्यात स्वस्त दिवशी कोणत्या राइड बंद आहेत ते फोन करून विचारा, आणि उरलेल्यांतून मधला वार निवडा. असा दिवस मिळाला तर रांग टाळण्याचा महागडा जलद पास घेऊ नका. त्या पैशांत सगळ्यांचं जेवण होईल. आणि मे महिन्यातल्या रविवारीच जावं लागलं तर उलट करा : जेवण घरून खाऊन निघा, पण पास घ्या.

(पुढच्या भागात : लग्नसराई आणि एस.टी.चं आरक्षण)