लिंकनचा कोट आणि टोमॅटोचे क्रेट

मराठी मुलांपर्यंत अमेरिकेचा इतिहास वाचनातून आणि नाटकातून कसा पोचला, याचा हिशेब मांडताना आमचे बालरंगभूमीवाले १९५९ सालापाशी जाऊन थांबतात. सुधा करमरकर अमेरिकेतल्या बालनाट्याचा अभ्यास करून आल्या, ‘लिटल थिएटर’ उभे राहिले, रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ रंगले. सगळे खरे, आणि त्याबद्दल आदरच आहे. पण त्या वाटेने अमेरिकेचे तंत्र आले, इतिहास नाही. रंगमंचावर राक्षस होते, चेटकिणी होत्या. गुलाम नव्हता, कर्जबाजारी शेतकरी नव्हता, करासाठी भांडणारा कोणी नव्हता. तो ऐवज त्याच्या शहाऐंशी वर्षे आधीच मराठीत येऊन बसला होता.

जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ची. अमेरिकेत गुलामी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती. गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या लोकांना हे पुस्तक अर्पण केले आहे, एवढे सगळ्यांना पाठ असते. ते संवादात लिहिले आहे, ही गोष्ट मात्र वर्गाच्या दाराशीच गळून पडते. धोंडीराव विचारतो, जोतीराव सांगतात. १८५५मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडून नकार घेतलेल्या माणसाला संवादाची ताकद कोणी शिकवायला नको होती. नववीच्या वर्गात दोन मुले समोरासमोर बसवावीत, अर्पणपत्रिका एखाद्या मुलीने खणखणीत वाचावी आणि मग विचारावे, की पुण्यातल्या माणसाला मिसिसिपीच्या कापसाच्या रानातल्या गुलामाचे काय पडले होते? त्यानंतर तास शिक्षकाच्या हातात राहत नाही. राहू नयेच.

आमच्या पिंपळगाव बसवंतला हे रुजते, कारण निफाड तालुक्यात फुल्यांचा सत्यशोधकी वारा आधीच वाहून गेलेला. नाशिकची मराठा विद्या प्रसारक समाज ही संस्था १९१४ची; तिच्यामागे तोच विचार होता. आमच्या आधीच्या पिढीने सत्यशोधकांचे जलसे ऐकले होते. मला सांगायचे आहे ते जलशांबद्दल. अमेरिकेच्या सरकारने मंदीच्या काळात, १९३५मध्ये, बेकार नटांसाठी फेडरल थिएटर प्रोजेक्ट काढला. त्यातल्या ‘लिव्हिंग न्यूजपेपर’ मंडळींनी शेतकऱ्यांच्या दैन्यावर, शेतमालाच्या भावावर वर्तमानपत्रासारखी नाटके केली. १९३९मध्ये तिथल्या काँग्रेसने पैसा बंद केला आणि खेळ आटोपला. हे आमचे नाट्यप्रशिक्षक शिबिरांतून कौतुकाने सांगतात. अरे बाबांनो, सावकार, भटजी आणि कुळकर्णी यांना गावच्या चावडीपुढे उभे करणारा सत्यशोधक जलसा याहून वेगळे काय करत होता? तोही सरकारी दमडीशिवाय.

मधला काळ भराभर उरकतो, कारण त्यात नाटक कमी आणि तसबिरी फार. साने गुरुजींनी फ्रँकलिनचे चरित्र लिहिले. दुर्गाबाई भागवतांनी १९६५मध्ये थोरोचे ‘वॉल्डन’ मराठीत आणले, पण ते मुलांच्या हाती पडत नाही. अमेरिकी वकिलातीच्या मदतीने निघालेली स्वस्त भाषांतरे शाळांच्या कपाटांत आली आणि बरीचशी पाने न फाडताच वाळवीला गेली. वॉशिंग्टन, जेफर्सन, लिंकन, केनेडी असा क्रम वक्तृत्व स्पर्धेत म्हणून दाखवायचा, ढाल घ्यायची.

मग १९८१ साली वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ आले. ‘राजहंस’ने काढलेल्या या पुस्तकाने जे केले ते कुठल्याही अभ्यासक्रम समितीला जमलेले नाही. ज्यांना अमेरिकेची राजधानी सांगता येत नव्हती, अशा हजारो मराठी मुलांना मिसुरीतला कार्व्हर नावाचा एक काळा पोरगा घरचा वाटू लागला. आईसकट पळवून नेलेले तान्हे मूल, मालक मोझेस कार्व्हरने घोड्याच्या बदल्यात परत मिळवलेले. आई सापडलीच नाही. शाळेसाठी निओशोपर्यंतची पायपीट, कातडीचा रंग पाहून कॉलेजने दारातून परत पाठवणे, सिम्पसन कॉलेजात चित्रकला, तिथून एम्सचे शेतकी कॉलेज आणि १८९६मध्ये बुकर टी. वॉशिंग्टनच्या बोलावण्यावरून अलाबामातली टस्कीगी संस्था. आमच्या वर्गात हे पुस्तक मनातल्या मनात वाचायला मनाई होती. रोज एकाने मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. अभिवाचन हा शब्द तेव्हा एवढा माजला नव्हता.

त्यातून आमची पहिली नाटुकली निघाली ती टस्कीगीच्या गाडीवर. १९०६मध्ये मॉरिस जेसप या धनिकाच्या मदतीने कार्व्हरने खेचराची गाडी तयार केली. अवजारे, बियाणे, मातीचे नमुने घेऊन ती शेताशेतांवर जाई. शाळेत येऊ न शकणाऱ्यांकडे शाळाच गेली. आमच्या पोरांनी बैलगाडी मागितली. मुख्याध्यापकांनी फक्त हातगाडी मंजूर केली. कापसाने रान कसे निकस होते, बोंडअळीने पीक कसे जाते आणि मधे भुईमूग घेतला की जमिनीला काय मिळते, हे सांगायला शिक्षकाची गरजच पडली नाही. द्राक्षबागेत वाढलेली मुले होती. भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठी एकीने घरून उपटूनच आणल्या.

आता एक भांडण. पुष्कळ शाळांच्या भिंतीवर ‘पीनट बटरचा शोध लावणारा कार्व्हर’ असा तक्ता दिसतो. त्याने तो लावलेला नाही. १९१६च्या त्याच्या पत्रिकेत भुईमुगाचे खाण्याचे १०५ प्रकार आहेत. ते शेतकऱ्याच्या घरात चूल पेटावी म्हणून, पेटंटसाठी नव्हे. त्याला जादूगार करून टाकले की त्याचे खरे काम, गरिबाच्या रानातली माती सुधारणे, बाजूला पडते. हे मी एका शिबिरात बोललो तेव्हा एका जाणत्या सद्गृहस्थांनी मला ‘मुलांचा आदर्श हिरावू नका’ असे सुनावले. खोट्या शोधावर उभा राहणारा आदर्श मुलांनाच नको असतो, हे त्यांना वर्गात येऊन कोणी सांगावे?

कार्व्हरच्या आयुष्यातला सर्वांत नाट्यमय प्रसंग पुस्तकात आहेच: १९२१ची काँग्रेसच्या समितीपुढची साक्ष. परदेशी स्वस्त भुईमुगावर आयात कर बसावा, ही मागणी घेऊन तो गेला. बोलायला दहा मिनिटे. सुरुवातीला सभासदांची टिंगल, कलिंगडाचा कुजका विनोद. मग पेटीतून एकेक पदार्थ बाहेर येऊ लागला आणि वेळ वाढत वाढत गेला. १९२२च्या कायद्यात भुईमुगावर कर आला. अलीकडे एका शाळेत माझ्या आग्रहावरून हा प्रवेश बसवला, तेव्हा ऑगस्ट २०२३मधल्या ४० टक्के कांदा निर्यात शुल्काची आठवण ताजी होती. बाजार समित्यांतले लिलाव तेव्हा बंद पडले होते. मुलांनी आपण होऊन दुसरा भाग लिहिला: त्याच टेबलापुढे निफाडचा शेतकरी. मग वाद पेटला की कार्व्हर कर मागतो आणि आपला शेतकरी कर काढा म्हणतो, दोघे बरोबर कसे? आयात आणि निर्यात यांतला फरक सातवीच्या मुलीने फळ्यावर बाण काढून समजावला. अर्थशास्त्राचे ज्यांना फार वाटते त्यांनी त्या दिवशी तिथे असायला हवे होते.

करावरचेच दुसरे नाटक बोस्टनच्या चहाचे. ती कथा सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे फक्त नेपथ्याबद्दल सांगतो. १६ डिसेंबर १७७३च्या रात्री ३४२ पेट्या चहा समुद्रात गेला. आमच्याकडे टोमॅटोचे क्रेट होते, त्यांना काय तोटा! फेकायला जागा मिळाली, आणि पालक म्हणाले की याला इतिहास म्हणतात होय. पण तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता, एवढे सांगितले की मुलांचे कान टवकारतात. तीच कंपनी १७७९च्या जानेवारीत वडगावला मराठ्यांपुढे नमली. यॉर्कटाऊनला ज्याचे सैन्य १७८१मध्ये शरण गेले तो कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि टिपूविरुद्धच्या लढाईत हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्याच बाजूला उभे राहिले. ‘आधी आपला इतिहास, मग परक्यांचा’ म्हणणारे विद्वान कॉर्नवॉलिसला कुठल्या कपाटात ठेवतात, ते मला अजून कळलेले नाही.

बसमधली जागा न सोडणाऱ्या रोझा पार्क्सचा प्रवेश बाकांची रांग लावून, एसटी करून होतो, आणि तो बहुतेक ठिकाणी चुकीचा होतो. एक थकलेली म्हातारी गोऱ्यांच्या जागेवर बसते आणि उठत नाही, असे दाखवतात. ती बेचाळीस वर्षांची होती, काळ्यांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेची चिटणीस होती आणि गोऱ्यांसाठी राखीव ओळींच्या मागे बसली होती. चालकाने चौघांना उठायला सांगितले, तिघे उठले. हे तिघे रंगमंचावर आणा, खरे नाटक त्यांच्यात आहे! क्लॉडेट कॉल्विन ही पंधरा वर्षांची मुलगी त्याच माँटगोमेरी शहरात, त्याच १९५५ साली, नऊ महिने आधी अशीच बसून राहिली होती. दहावीच्या मुलींना तिचे नाव सांगून पाहा. पुढे माँटगोमेरीतला बसवरचा बहिष्कार ३८१ दिवस चालला. इथून दलित पँथरपर्यंत, १९७२ पर्यंत, उडी मारायला मुलांना मोठ्यांची मदत लागते. ती देणारे शिक्षक आता कमी झाले आहेत, आणि जे आहेत त्यांना माहिती भरायची ऑनलाइन कामे इतकी आहेत की तालीम कुठल्या तासाला घ्यावी? स्नेहसंमेलनाला गॅदरिंग म्हणू लागलो तोवर ठीक होते. आता चित्रपटगीतांवर नाच, भाड्याचे कपडे, ध्वनिक्षेपकावर निवेदक. प्रकल्पवही म्हणजे नेट कॅफेतून छापून आणलेली लिंकनची चार पाने. पाने वाचलेली नसतात, हे विचारल्यावर दोन मिनिटांत कळते.

लिंकनचेच राहिले. हेडमास्तरांना लिहिलेले त्याचे म्हणून जे पत्र वसंत बापटांच्या मराठीत प्रत्येक शिक्षक-खोलीत चौकटीत टांगलेले असते, ते लिंकनच्या पत्रसंग्रहात सापडत नाही. बापटांची मराठी सुंदर आहे. ती बापटांच्या नावावर वाचावी. पण काळा कोट, उंच टोपी आणि ते पत्र, एवढ्यावर लिंकन ‘करून’ बक्षिसे घेणाऱ्या शाळांशी माझे जुने वैर आहे. त्याचे सगळे शालेय शिक्षण मिळून वर्षभरही नव्हते, हे कोटाच्या खिशात कुठेच नसते. त्याऐवजी ग्रेस बेडेल घ्या. ऑक्टोबर १८६०मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टफिल्डच्या या अकरा वर्षांच्या मुलीने त्याला लिहिले की दाढी ठेवा, चेहरा बरा दिसेल आणि मते मिळतील. त्याने उत्तर लिहिले, दाढी वाढवली आणि पुढच्या फेब्रुवारीत वॉशिंग्टनला जाताना वेस्टफिल्डला गाडी थांबली तेव्हा तिला भेटला. दोन्ही पत्रे खरी आहेत, छापील मिळतात. दोन खुर्च्या, कापसाची दाढी आणि आगगाडीसाठी पाच पोरे एवढ्यात भागते. करायचेच असेल तर आधी आठवडाभर ती पत्रे वर्गात मोठ्याने वाचून घ्या. संहिता मुलांनाच लिहू द्या, आणि पत्र लिहिणारी अकरा वर्षांची आहे हे विसरून नववीतली उंच मुलगी उभी करू नका.